मंडळी सोडताना: राजीनाम्यापासून शेअरच्या पैशांपर्यंत

बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली की पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच कोणीतरी एक गुजराती फॉर्म पुढे करतं. "मंडळीचा आहे, सही करून टाका. घराला, मुलांच्या फीला, लग्नकार्याला कर्ज मिळतं." मंडळी म्हणजे इकडची सहकारी संस्था. नवा माणूस सही करतो, पगारातून कपात सुरू होते, आणि अडीनडीला मंडळी खरोखरच उपयोगी पडते. मग कधीतरी पुण्याला बदली होते, नोकरी बदलते, निवृत्ती येते. तेव्हा प्रश्न पडतो, यातून बाहेर कसं पडायचं? शेअरचे पैसे कोण देणार, कधी देणार?

मी अशाच एका नोकरदारांच्या पतमंडळीचा अकरा वर्षं मंत्री होतो. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्यांसाठी सांगतो, इकडे मंडळीच्या सचिवाला मंत्री म्हणतात. त्या काळात आणि त्यानंतरही, बडोद्यातल्या कितीतरी मराठी कुटुंबांचे कागद मी शेजारी बसून लावून दिले. सगळ्यात जास्त लोक अडकले ते एकाच समजुतीमुळे: राजीनामा दिला म्हणजे सुटलो. राजीनामा ही तुमच्याकडून गेलेली विनंती असते. कमिटी त्यावर ठराव करते, सभासद रजिस्टरात नोंद होते, हिशेब चुकता होतो, तेव्हा तुम्ही सुटता. खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा. पुढची आधी केली की मागचीसाठी परत यावं लागतं, आणि परगावी गेलेल्या माणसाला ते फार जड जातं.

पहिली पायरी: आपण नक्की कशाचे सभासद आहोत ते बघा

शेअर सर्टिफिकेटवर किंवा पासबुकाच्या पहिल्या पानावर मंडळीचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक असतो. तिथून कळतं की कायदा कोणता लागू आहे. बडोद्यातल्या बहुतेक पतमंडळ्या, ग्राहक भांडारं आणि हौसिंग सोसायट्या 'गुजरात सहकारी मंडळी अधिनियम, १९६१'खाली येतात आणि त्यांच्यावर देखरेख जिल्हा रजिस्ट्रारची असते. कामकाज एकाहून जास्त राज्यांत चालत असेल, उदाहरणार्थ मंडळी गुजरात आणि महाराष्ट्र दोन्हीकडे असेल, तर २००२ चा बहुराज्य सहकारी संस्था कायदा लागतो आणि रजिस्ट्रार दिल्लीचा केंद्रीय रजिस्ट्रार असतो. तुमचे शेअर नागरी सहकारी बँकेचे असतील तर वर रिझर्व्ह बँकेचे नियमही येतात.

मग मंडळीचे पोटनियम मागा. गुजरातीत 'पेटानियम'. राजीनामा किती दिवसांच्या नोटिशीने द्यायचा, शेअरची रक्कम किती दिवसांत परत करायची, वर्षाला एकूण किती परतावा द्यायचा, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. छापील प्रत मागायला संकोच करू नका. सभासदाने पोटनियम मागणं म्हणजे भांडण उकरणं नव्हे. आमच्याकडे असे मागणारे फार थोडे यायचे, आणि त्यांची कामं सर्वांत सुरळीत व्हायची.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण मला त्याचा अभिमान आहे. 'मंडळी' हा शब्द बडोद्याला जुना आहे. १८८९ साली भाऊसाहेब कवठेकर यांनी याच शहरात अन्योन्य सहायकारी मंडळी उभी केली, सावकाराच्या व्याजातून माणसं सुटावीत म्हणून. ब्रिटिश हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा आला तो १९०४ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी. एका मराठी माणसाने बडोद्यात सुरू केलेली ही गोष्ट आहे. आपण तिचे शेअर हाताळतो तेव्हा नीट हाताळावेत असं मला मनापासून वाटतं.

दुसरी पायरी: सर्टिफिकेट शोधा आणि नाव जुळवा

जुनं शेअर सर्टिफिकेट काढा आणि आधार, पॅन शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचा. आपल्या लोकांचं घोडं इथे फार अडतं. इकडे फॉर्म भरणारा कारकून बाईमाणसाच्या नावापुढे सवयीने 'बेन' आणि पुरुषाच्या नावापुढे 'भाई' लिहितो. सर्टिफिकेटवर 'सुधाबेन' आणि आधारवर नुसतं 'सुधा', असं झालं की बँक चेक वटवायला कुरकुर करते. आडनावातला 'ळ' कुठे 'ल' होतो, कुठे आडनाव आधी आणि नाव मागून येतं. लग्नाआधी घेतलेल्या शेअरवर माहेरचं नाव असतं.

यावर उपाय साधा आहे. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र, इकडच्या भाषेत 'सोगंदनामु', नोटरीकडून करून घ्या आणि राजीनाम्याआधीच मंडळीच्या दप्तरी द्या. लग्नाने नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा. सर्टिफिकेटच हरवलं असेल तर पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद, नुकसानभरपाईची हमी देणारं बंधपत्र आणि दुय्यम प्रतीसाठी अर्ज, असं त्रांगडं पार करावं लागतं. मंडळी यासाठी थोडी फी घेते. महिना सहज जातो, म्हणून बदलीची नुसती कुणकुण लागली तरी हे काम सुरू करा.

तिसरी पायरी: तुम्ही कोणाला जामीन आहात?

या पायरीवर मी सर्वांत जास्त थांबणार आहे.

पतमंडळीतून कर्ज घेताना दोन सभासद जामीन लागतात. आज मी तुमच्यासाठी, उद्या तुम्ही माझ्यासाठी, असं चालतं, आणि तेच या मंडळ्यांचं बळ आहे. पण १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामिनाची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मंडळी सोडली म्हणून ती सुटत नाही. सभासद असणं वेगळं आणि जामीनखतावरची सही वेगळी.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. मंत्री होण्याच्या खूप आधी, पहिली नोकरी सोडताना मी तिथल्या मंडळीचा राजीनामा दिला. बरोबर काम करणाऱ्या एका मित्राच्या कर्जाला मी जामीन होतो. ते मला आठवत होतं, काउंटरवर तसं बोललोही. समोरचे गृहस्थ म्हणाले, "थई जशे." होऊन जाईल. शेअरचे पैसे आले आणि मी निर्धास्त झालो. तीन वर्षांनी कारेलीबागेतल्या घरी वसुलीच्या दाव्याची नोटीस आली. पाकीट आईने घेतलं होतं. उडून जाऊ नये म्हणून तिने ते देवघराच्या फळीवर कुंकवाच्या करंड्याखाली दाबून ठेवलं होतं. मी घरी आल्यावर पदराला हात पुसत तिने विचारलं, "कोर्टाचं आहे का रे?" पाकिटाच्या कडेला तिच्या बोटांचं कुंकू लागलेलं होतं. मित्राची नोकरी गेली होती, हप्ते थांबले होते, आणि प्रतिवादींच्या यादीत दुसरं नाव माझं होतं. ते पैसे मी भरले. मित्राने मला पुढे हळूहळू फेडले, पण त्या दोन वर्षांत आम्ही एकमेकांच्या घरी गेलो नाही.

म्हणून राजीनामा लिहिण्याआधी मंत्र्याला लेखी विचारा: मी कोणकोणत्या कर्जांना जामीन आहे, त्यांची आज किती बाकी आहे? यादी मिळाली की एकेका कर्जदाराला भेटा. फोनवर नको, भेटाच. त्याने नवा जामीनदार द्यायचा, नव्या माणसाने जामीनखतावर सही करायची आणि कमिटीने ठराव करायचा की जुन्या जामिनाला मुक्त केलं आणि नव्याला स्वीकारलं. तो ठराव हाच तुमच्या सुटकेचा कागद. त्याची सही-शिक्क्याची नक्कल घ्या. कर्जाची बाकी थोडीच असेल तर कर्जदाराने ती भरून टाकणं सगळ्यात सोपं. नवा जामीन मिळत नसेल आणि कर्ज मोठं असेल, तर मी स्वतः राजीनाम्याची घाई करणार नाही. सभासद राहिलात तर निदान सभेला बसून कर्जाचं काय चाललंय ते विचारता येतं.

तुमच्या स्वतःच्या कर्जाचंही बघा. थकबाकी असेल तर तुमच्या शेअरवर आणि ठेवीवर मंडळीचा पहिला बोजा असतो. पैसे आधी त्यात वळते होतात.

चौथी पायरी: पैसे परत घ्यायचे की शेअर दुसऱ्याच्या नावावर करायचे?

नोकरदारांच्या पतमंडळीत हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. त्या कंपनीचा किंवा खात्याचा नोकर असेल तोच सभासद, असा पोटनियम असतो. नोकरी संपली की पात्रता संपते, शेअर रद्द होऊन रक्कम परत येते.

नागरी बँक, ग्राहक मंडळी, हौसिंग सोसायटी इथे मात्र हस्तांतराचा रस्ता असतो. गुजरातच्या कायद्यातल्या कलम ३० च्या दोन अटी लक्षात ठेवा. शेअर किमान १ वर्ष तुमच्या नावावर असायला हवा. आणि घेणारा आधीच सभासद असायला हवा, किंवा त्याचा सभासदत्वाचा अर्ज मंडळीने मंजूर केलेला असायला हवा. म्हणजे क्रम असा: आधी घेणाऱ्याचा अर्ज, मग कमिटीची मंजुरी, मग हस्तांतराचा फॉर्म. लोक उलट करतात. आपसात पैसे देऊन-घेऊन मोकळे होतात आणि मग मंडळीच्या दारात येतात. कमिटीने नाही म्हटलं की दोघंही लटकतात.

आणखी एक, शेअर बाजाराची सवय असलेल्यांसाठी. सहकारी शेअरचा भाव चढत नाही. १९९० मध्ये २५ रुपयांना घेतलेला शेअर आज २५ रुपयांनाच परत जातो. मंडळीकडे गंगाजळी कितीही मोठी असो, ती सभासदांत वाटायची नसते. कायद्याने दरवर्षी नफ्याचा निदान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो आणि तो मंडळीचाच राहतो. तुम्ही वर्षानुवर्षं जो डिव्हिडंड घेतलात आणि जे कमी व्याजाचं कर्ज वापरलंत, तोच तुमचा लाभ.

बँकेच्या शेअरबद्दल दोन गोष्टी. कर्जदाराकडून कर्जाच्या प्रमाणात शेअर घेण्याची पद्धत आहे, विनातारण कर्जाला ५ टक्के आणि तारणी कर्जाला २.५ टक्के. त्यामुळे कर्ज फिटल्यावरही अनेकांच्या नावावर शेअर पडून असतात आणि त्यांच्या ते ध्यानातही नसतं. ज्यांचं कर्ज फिटून वर्षं झाली आहेत त्यांनी एकदा चौकशी जरूर करावी. दुसरं असं की बँकेची भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखमीच्या कर्जांच्या प्रमाणात तिचं स्वतःचं भांडवल, ९ टक्क्यांच्या खाली असेल, किंवा परताव्यामुळे खाली जाणार असेल, तर शेअरचे पैसे परत द्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. अशा वेळी कारकुनाशी वाद घालून उपयोग नाही, दुसरा सभासद शोधून हस्तांतर करणंच हाती राहतं. आणि बँक अडचणीत आली तर ५ लाखांपर्यंतचं जे विमासंरक्षण आहे ते ठेवींना आहे, शेअरच्या रकमेला नाही. पतमंडळीच्या तर ठेवींनाही ते नाही.

पाचवी पायरी: अर्ज, पोच, ठराव

राजीनामा एका पानाचा पुरे. सभासद क्रमांक, शेअरची संख्या आणि सर्टिफिकेट क्रमांक, सोडण्याचं कारण एका ओळीत, कर्ज व जामीन यांची स्थिती, रक्कम कोणत्या खात्यात जमा करायची ते, आणि नवा पत्ता. मूळ सर्टिफिकेट सोबत जोडा, पण आधी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा. मागच्या बाजूला जुन्या हस्तांतराच्या नोंदी असतात, त्या कधी कामी येतील सांगता येत नाही.

अर्ज मराठीत लिहिला तर कोणी फेकून देत नाही, पण गुजरातीत असेल तर काम वेगाने होतं, असा माझा अनुभव आहे. लिहिता येत नसेल तर शेजारच्या कोणाकडूनही लिहून घ्या, बडोद्यात त्याला कोणी नाही म्हणत नाही. काही शब्द ओळखीचे करून ठेवा. 'राजीनामु' आणि 'अरजी' कळतीलच. 'धिराण' म्हणजे कर्ज. 'फरजियात बचत' म्हणजे पगारातून सक्तीने कापली जाणारी बचत. 'वारसदार' आपलाच. 'बाकी नथी' असा दाखला म्हणजे येणं नसल्याचा दाखला, तो मागायला विसरू नका.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारीख आणि आवक क्रमांकासकट. कोणी "एनी शी जरूर छे?" म्हणालं, याची काय गरज म्हणालं, तरी हसून पण ठामपणे घ्याच. परगावाहून पाठवत असाल तर पोचपावतीसह पोस्टाने पाठवा.

मग कमिटीची बैठक. बहुतेक मंडळ्यांत महिन्यातून एकदा होते. बैठक कधी आहे ते विचारून अर्ज तिच्या आठ दिवस आधी पोचेल असं बघा. बैठकीनंतर ठरावाचा क्रमांक आणि तारीख मागून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. नंतर कोणाशीही बोलताना "माझा राजीनामा दिलाय" असं न म्हणता "अमुक तारखेच्या अमुक क्रमांकाच्या ठरावाने मंजूर झालाय" म्हणा. टेबलापलीकडच्या माणसाचा हात लगेच फाइलकडे जातो. मी टेबलाच्या त्या बाजूला बसलो आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

सहावी पायरी: हिशेब

समजा ४०० शेअर २५ रुपयांचे, म्हणजे १०,००० रुपये. सक्तीची बचत ३६,०००. कर्जाची बाकी २८,००० आणि त्यावर आजपर्यंतचं व्याज ३५०. हातात यायला हवेत १७,६५०. हा हिशेब स्वतः कागदावर मांडा आणि मंडळीच्या हिशेबाशी ताडून बघा. बचतीवरचं चालू वर्षाचं व्याज धरलंय का ते खास विचारा. ते बहुधा मार्चअखेर जमा करतात, त्यामुळे मध्येच सोडणाऱ्याचं राहून जातं.

पगारातली कपात थांबवणं हे तुमचंच काम आहे. मंडळीने कंपनीच्या पगार विभागाला कळवायचं असतं, पण तुम्हीही एक पत्र द्या. ठराव झाल्यावरही दोन-तीन महिने कपात चालूच राहिलेली मी पाहिली आहे, आणि ते पैसे परत मिळवायला आणखी एक अर्ज, आणखी एक बैठक लागते.

रक्कम लगेच मिळेलच असं नाही. एका वर्षात एकूण भागभांडवलाच्या ठरावीक हिश्शापेक्षा जास्त परतावा देऊ नये, असं बंधन पुष्कळ पोटनियमांत असतं. मोठ्या संख्येने निवृत्त होणाऱ्यांचं वर्ष असेल तर रांग लागते. आपला क्रमांक कितवा ते विचारा.

डिव्हिडंडही विसरू नका. मार्चअखेर हिशेब बंद होतात आणि डिव्हिडंड वार्षिक साधारण सभेत मंजूर होतो, म्हणजे काही महिन्यांनी. तुम्ही मे महिन्यात सोडलंत तर मागच्या वर्षाचा डिव्हिडंड तुमचाच आहे. अर्जातच लिहा की तो मंजूर झाल्यावर अमुक खात्यात जमा करावा.

फ्लॅटची सोसायटी असेल तर

इथे शेअरची किंमत नाममात्र, पण त्याच्यामागे घर असतं. विक्रीचा नोंदणीकृत दस्तऐवज आणि सोसायटीतलं हस्तांतर ही दोन वेगळी कामं आहेत, एक झालं म्हणून दुसरं आपोआप होत नाही. वाघोडिया रोडवर एका कुटुंबाने दस्त करून घर घेतलं, सहा वर्षं राहिले, आणि विकायची वेळ आली तेव्हा सोसायटीच्या रजिस्टरात अजून आधीच्या मालकाचंच नाव निघालं. तो माणूस तोवर नागपूरला गेला होता. सही आणायला रजा काढून जावं लागलं.

विकणाऱ्याने आधी मेंटेनन्सची सगळी बाकी चुकती करून दाखला घ्यावा. घेणाऱ्याचा सभासदत्वाचा अर्ज, दोघांच्या सह्यांचा हस्तांतर फॉर्म, मूळ सर्टिफिकेट आणि दस्ताची नक्कल एकत्र द्यावी. कमिटीच्या ठरावानंतर सर्टिफिकेटच्या मागे नवं नाव, तारीख आणि मंडळीचे अध्यक्ष आणि मंत्री यांच्या सह्या येतात. ती नोंद झालेली डोळ्यांनी बघा. वीजबिल आणि महानगरपालिकेचं वेराबिल, म्हणजे कराचं बिल, यांवरचं नाव घेणाऱ्याने त्यानंतर बदलून घ्यायचं.

ट्रान्स्फर फीवरून पूर्वी फार ताणाताणी व्हायची. 'विकासनिधी' म्हणून तोंडाला येईल तो आकडा मागितला जायचा. २०२५ साली राज्य सरकारने मर्यादा घातली: विक्रीच्या रकमेच्या ०.५ टक्का किंवा १ लाख रुपये, यांतलं जे कमी असेल ते. ४० लाखांच्या फ्लॅटला २०,००० झाले. वारसाच्या नावावर घर होताना ही फी लागत नाही. जी रक्कम द्याल तिची पावती घ्या.

घेणारा ठरवण्याआधी सोसायटीचे पोटनियमही वाचा. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली निकाल दिला की सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा पोटनियम नोंदलेला असेल तर तो चालतो. मला व्यक्तिशः अशी बंधनं रुचत नाहीत, सहकाराच्या मूळ कल्पनेशी ती जुळत नाहीत असं वाटतं. पण बयाणा घेण्याआधी ती माहीत असलेली बरी.

सभासद गेल्यावर

दांडिया बाजारातल्या एका काकूंनी मला एकदा बोलावलं. काका जाऊन तीन महिने झाले होते. पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढून त्यांनी एक पिवळं पडलेलं सर्टिफिकेट काढलं, घडीवर फाटलेलं, जांभळा शिक्का अजून स्पष्ट. "भाऊ, याचं काही मिळेल का हो?" वारसाच्या रकान्यात काकांच्या आईचं नाव होतं. नोकरी लागली तेव्हा लिहिलेलं. आजी जाऊन वीस वर्षं झाली होती, काका-काकूंच्या लग्नाला अडतीस, आणि नाव बदलायचं राहून गेलं होतं.

वारसनोंद ताजी असती तर काकूंचं काम मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र एवढ्यावर झालं असतं. ती नव्हती म्हणून तलाट्याकडून 'पेढीनामु' काढावं लागलं, म्हणजे आपली वंशावळ. मुलगा कॅनडात, मुलगी ठाण्यात. दोघांची संमतिपत्रं, हमीपत्र, मग कमिटीचा ठराव. पाच महिने गेले. काकू दर मंगळवारी विचारायच्या आणि मला उत्तर देताना वाईट वाटायचं, कारण चूक कोणाचीच नव्हती आणि काम मात्र अडलेलं होतं.

गुजरातच्या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे सभासदाच्या मृत्यूनंतर शेअर नेमलेल्या व्यक्तीच्या, म्हणजे नॉमिनीच्या, नावावर होतो. नेमणूक नसेल तर वारसाच्या. एक गैरसमज इथे दूर करतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली एका हौसिंग सोसायटीच्या प्रकरणात म्हटलं की सोसायटीने नॉमिनीच्या नावावर नोंद करायचीच, पण बाकीच्या वारसांचा हक्क त्याने बुडत नाही, ते दाद मागू शकतात. भावाभावांत तेढ नको असेल तर हे घरात आधीच बोलून ठेवा. आणि लग्न झालं, मूल झालं, कोणी गेलं, की नॉमिनेशनचा फॉर्म नव्याने भरा. दहा मिनिटांचं काम आहे.

काम अडलं तर

तोंडी नकार मानू नका. कारणासकट लेखी उत्तर मागा. नव्या माणसाला सभासद करून घ्यायला पुरेशा कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही. म्हटलं तर रजिस्ट्रारकडे अपील आहे. पैशांचा वाद असेल तर गुजरातच्या कायद्याच्या कलम ९६ खाली तो बोर्ड ऑफ नॉमिनीजपुढे, म्हणजे सहकारी वाद ऐकणाऱ्या मंडळापुढे, जातो, त्यावर अहमदाबादचं सहकारी न्यायाधिकरण. बहुराज्य संस्थेसाठी २०२३ च्या दुरुस्तीने सहकारी लोकपालाची सोय झाली आहे.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज थेट मंडळीकडे करून सहसा काही मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटलंय की नुसती नोंदणी झाली म्हणून सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. मात्र रजिस्ट्रारचं कार्यालय सरकारी आहे. मंडळीचे जे कागद त्यांच्याकडे जमा असतात, त्यांसाठी तिथे अर्ज करता येतो.

पण त्याआधी एकदा मंत्र्याला जाऊन भेटा. नोकरी सांभाळून, संध्याकाळी दोन तास बसून हे काम करणारी माणसं असतात ती. कागद पूर्ण असले आणि बोलणं सरळ असलं की दहातली नऊ कामं टेबलावरच सुटतात.

पैसे आल्यानंतर

मंडळीला शेवटचं एक पत्र द्या: अमुक ठरावाने माझं सभासदत्व संपलं, रक्कम मिळाली, सभासद रजिस्टरातून नाव कमी केल्याचं लेखी कळवावं. ते उत्तर, ठरावाची नक्कल, जामीनमुक्तीचा ठराव आणि 'बाकी नथी'चा दाखला एका पाकिटात घालून ठेवा. सभासदत्व संपलं त्या दिवशी मंडळीवर जी देणी होती, त्यांबाबत माजी सभासदाची जबाबदारी कायद्याने पुढे २ वर्षं राहते, म्हणून तेवढा काळ तर ते पाकीट हाताशी हवंच. जामीनमुक्तीचा कागद मात्र ज्या कर्जासाठी आहे ते कर्ज पूर्ण फिटल्याचं कळेपर्यंत जपा, दहा वर्षं लागली तरी. नवीन गावी घर लागलं की पाकीट कुठे ठेवलंय ते घरातल्या आणखी एका माणसाला दाखवून ठेवा.